पूजेत बसलेला बॅकअप

चूक कुणाची असं विचाराल, तर स्वरूपाचीच. पण हे तिच्या तोंडावर सांगायची कुणाची टाप नाही, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं.

झालं असं की, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ती कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप घालून निघाली होती. बाहेर बसवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. एवढ्यात दारात हिंदुराव उभे. हिंदुराव म्हणजे कंपनीचं स्टोअर सांभाळणारा चाकणचा जुना माणूस. आज जिथं प्रेस मशीन आदळतात तिथं ज्वारी डुलताना त्यांनी पाहिलेली. एरवी ते स्टोअरच्या जाळीमागं गप बसून असायचे, पण खंडेनवमी आली की कंपनी त्यांची. कुठल्या मशीनला किती झेंडू लागायचे आणि नारळ कुणी फोडायचा, हे मालकसुद्धा त्यांना विचारून ठरवायचे.

"म्याडम, उद्या पूजेला तुमचं हत्यार द्या," हिंदुराव म्हणाले.

"आमचं कसलं हत्यार, काका?"

"आसं कसं? फिटर पाना देतो, वेल्डर होल्डर देतो, क्वालिटीवाले व्हर्नियर देत्यात. तुमचं काय?"

आता गुपचूप बसची वाट धरावी की नाही? पण स्वरूपाच्या अंगात थट्टेचं वारं शिरलं. तिनं टेबलावरची काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क उचलली आणि हिंदुरावांच्या हातावर ठेवली. "हे घ्या. ह्यात सगळ्या कंपनीचा बॅकअप आहे. उद्या एखादा कॉम्प्युटर मेला, तर त्याला उठवायची ताकद फक्त ह्याच्यात. ह्याच्याहून मोठं हत्यार आमच्याकडं नाही."

हिंदुरावांनी ती डिस्क दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि धोतराच्या सोग्यात धरावी तशी सदऱ्यात धरून घेऊन गेले. स्वरूपा बसमध्ये चढली ती हसतच. मोशीतल्या खोलीवर पोचेपर्यंत तिचं हसू काही थांबलं नाही.

सकाळी ती थट्टा चांगलीच अंगाशी आली.

खंडेनवमी म्हणजे सगळं धुऊनपुसून लख्ख. पाइप लावून शॉप धुवायचं, म्हणून हिंदुरावांच्या माणसांनी मेन स्विच पाडला. माणसांनी आंघोळ करताना दिवा घालवला तर काही बिघडत नाही, पण नव्या लेझर मशीनचा कॉम्प्युटर तेव्हा स्वतःला अपडेट करत बसला होता. अर्ध्यावर वीज गेली, परत आली, आणि स्क्रीनवर निळा पडदा. चालू करा, बंद करा, पुन्हा चालू करा, निळा तो निळाच.

हे मशीन म्हणजे मालक सोपानरावांचा जीव की प्राण. लोखंडी पार्टावर लेझरनं नंबर कोरायचं, आठवड्यापूर्वीच आलेलं. जुन्या यंत्रांना आज विश्रांती, पण नव्याचा मुहूर्त आजच. पाच वाजता आरती, मग सोपानरावांच्या आई रुक्मिणीबाई बटण दाबणार आणि पहिल्या पार्टावर 'श्री' उमटणार. कस्टमरची मोठी माणसं खास त्यासाठी येणार होती.

स्वरूपानं घाबरत घाबरत फोन केला. सोपानराव आईला आणायला सांगवीला निघाले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बॅकअप आहे ना? दर मीटिंगला सांगतेस, सर काळजी नको, बॅकअप आहे. मग उठव त्याला. स्पष्टच बोलतो, स्वरूपा. आईच्या हातानं मशीन चालू झालं नाही, तर उद्यापासून कॉम्प्युटरच्या खोलीच्या किल्ल्या प्रीतमकडे. बायको रोज डोकं खातेय माझं त्याच्यासाठी."

प्रीतम म्हणजे सोपानरावांचा मेहुणा. पिंपळे सौदागरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, केसांना जेल, आणि ह्या कंपनीचं कंत्राट मिळावं म्हणून दोन वर्षं गळ टाकून बसलेला. स्वरूपा औशाची पोर, अजून कायम झालेली नाही. किल्ल्या गेल्या की ती गेली, इतकं साधं होतं ते. गावाकडे आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, आमची पोरगी कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळते. आता काय सांगणार, मालकाच्या मेहुण्यानं सांभाळायला घेतले?

तिनं पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर रिकव्हरीत चालू केला. आता त्याला फक्त बॅकअपची डिस्क दाखवायची, की तो आपला पहिल्यासारखा उठून बसणार. आणि डिस्क कुठं? पूजेत.

शॉपच्या मधोमध लाल कापड अंथरलेलं टेबल. त्यावर पाने, हातोडे, व्हर्नियर, वेल्डिंगचा होल्डर, आणि सगळ्यांच्या मधे मानाच्या जागी काळी डिस्क. वर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचा एवढा ढीग की फक्त एक कोपरा दिसावा. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत हिंदुराव, राखणीला बसावेत तसे.

"काका, ती डिस्क जरा द्या. अर्ध्या तासात परत ठेवते."

"न्हाई."

"अहो, मशीन बंद पडलंय."

"पूजेत बसलेलं हत्यार उद्या सकाळी उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, की मगच हालणार. मधीच उठवत्यात व्हय देवाला?"

"काका, काय बोलायलाव तुम्ही! तो देव नाही, हार्ड डिस्क आहे!" रागात स्वरूपाचं औसा बाहेर पडलं.

"काल तर तुमीच म्हणलात, ह्याच्याहून मोठं हत्यार न्हाई. आता यका रातीत ल्हान झालं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यात प्रीतम वेळेआधीच येऊन शॉपमध्ये फिरत होता. स्वरूपाच्या जवळ येऊन त्यानं गोड आवाजात विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का, ताई? नाही, मी सहज विचारतो." सहज म्हणे! तिला वाटलं, टेबलावरचा हातोडाच उचलावा. पण तोही पूजेत.

मग पोरीनं डोकं चालवलं. मीटिंग रूममधला पांढरा फळा पुसायचा काळा डस्टर तिनं ओढणीखाली घेतला. आकार तोच, रंग तोच. आणि हिंदुरावांपाशी जाऊन काळजीच्या सुरात म्हणाली, "काका, गेटवर नारळवाला आलाय. वाजवून न बघताच पोतं उतरवून घेतायत लोक. मला तर दोन-तीन नारळ सडके वाटले."

सडका नारळ, आणि खंडेनवमीला! हिंदुराव खुर्चीतून उठले ते धावतच सुटले. भटजी नुकतेच चहाला उठलेले, प्रीतम पाठमोरा. स्वरूपानं इकडं तिकडं पाहिलं, झेंडूखाली हात घातला, डिस्क काढली, डस्टर सरकवला, वर फुलं सारखी केली. मनात म्हणाली, अंबाबाई, बघितलंस ते बघितलंस, बोलू नकोस.

खोलीत येऊन तिनं डिस्कवरचं कुंकू पुसलं, केबल जोडली आणि रिकव्हरीत बॅकअप शोधायला सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, काही दिसत नाही.

ठीक आहे, म्हणाली. पुढचं यूएसबीचं छिद्र सोडून मागच्याला लावलं. दिसत नाही. केबल बदलली. दिसत नाही. निळं छिद्र सोडून जुनं काळं छिद्र घेतलं, कारण रिकव्हरीत कधीकधी नवं छिद्र ओळखू येत नाही. तिथंही तेच. कॉम्प्युटर बंद करून आधी डिस्क लावली आणि मग चालू केला. शेवटी स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिली. त्या मेल्यालाही पत्ता नाही. डिस्कवरचा दिवा लागेना, की आतून फिरण्याचा आवाज येईना.

जुन्या टूथब्रशनं तिनं डिस्कचं तोंड घासलं, फुंकर मारली, आतलं पिवळं कुंकू आणि लाल हळद — बघा, रंगांचीसुद्धा अदलाबदल व्हायला लागली माझ्याकडून, मग तिची काय गत झाली असेल! उपयोग शून्य. दारातून प्रीतमनं डोकावून पाहिलं. "डिटेक्ट होत नाहीये वाटतं? अरेरे." आणि मोबाइल कानाला लावून तो बाजूला झाला. कुणाला फोन लावला असेल ते सांगायला नको.

दार लावून स्वरूपा मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं रागारागानं पुसलं. रडून डिस्क दिसणार होती का? त्या रागातच तिनं डिस्क कानाशी धरून हलवली. आतून खुळखुळ आवाज आला.

हार्ड डिस्क खुळखुळत नाही. तिनं स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आतून टेबलावर काय पडावं? कंपनीतच बनलेला एक लोखंडी पार्ट. त्यावर लाल रंगाचा पट्टा.

ती बघतच राहिली. मग सगळं लख्ख दिसलं. हे डबडं तर तिनंच भंगारात टाकलेलं, तसल्याच जुन्या मेलेल्या डिस्कचं रिकामं कवच. आणि लाल पट्ट्याचा पार्ट म्हणजे रिजेक्ट माल. तो असतो स्टोअरमधल्या पिंजऱ्यात, कुलपात, आणि कुलपाची चावी असते एकाच माणसाच्या करदोट्याला. वजन बरोबर लागावं म्हणून पार्ट घालायची अक्कलसुद्धा त्याचीच. जन्म गेला ना माल तोलण्यात!

हिंदुराव स्टोअरच्या जाळीमागं नारळ वाजवून बघत होते. स्वरूपानं आत जाऊन दार ओढून घेतलं आणि तो लाल पट्ट्याचा पार्ट त्यांच्यासमोर ठेवला.

"काका, तुमच्या कुलपातला हा देव पूजेत कसा जाऊन बसला?"

हिंदुरावांच्या हातातला नारळ तसाच राहिला. मग त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं. "म्हंजी तुमी पूजा हालवली?"

"हलवली. आणि तुम्ही पूजा मांडलीच नाही. आधी तुमचं बोला."

मग हिंदुराव बोलले, आणि बोलताना त्यांचा चेहरा असा खुलला की रागवावं कसं हेच तिला कळेना. त्यांची बैलजोडी, पाखऱ्या आणि शंभ्या, परवाच्या बैलगाडा शर्यतीत पहिल्या नंबरात आली होती. मोशीच्या एका ड्रोनवाल्यानं वरून शूटिंग घेतलेलं. व्हिडिओ एवढा मोठा की हिंदुरावांच्या पेन ड्राइव्हमध्ये मावेना. आणि कालच संध्याकाळी स्वरूपानं त्यांच्या हातावर ही डिस्क ठेवलेली, सगळी कंपनी मावते म्हणून सांगून.

"म्हणलं, कंपनी मावती तर माझं दोन बैल न्हाई मावायचं?" हिंदुराव म्हणाले. "सकाळी पूजेच्या आत परत ठेवनार हुतो. पण त्या पोराचं भरनं संपंना. मग टैमपुरतं ते डबडं ठेवलं. दुपारी डिस्क आली, तर तितं भटजी येऊन बसल्यालं, तो जेलवाला फिरतोय. ठेवू कशी? म्हणून सकाळपास्नं खुर्ची टाकून बसलोय, कुनी हात लावू नये म्हणून."

"आणि मला देवाच्या गोष्टी सांगताय!"

"मग काय सांगू? बैल सांगू?" आणि मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. "थांबा थांबा. डबडं तर हितं हाय. मग पूजेत आता काय हाय?"

"डस्टर."

"कशाचा?"

"फळा पुसायचा."

हिंदुराव पोत्यावर बसले. "आरं देवा. भटजीनं मगाशी त्येला दुसऱ्यांदा फुलं वाहिली."

"डबड्यापेक्षा डस्टर बरा, काका. निदान चालू हालतीत आहे." हे बोलताना स्वरूपालाच हसू फुटलं, आणि मग हिंदुरावांनाही. दोन चोर एकमेकांना धरून हसत होते, आणि बाहेर सनईची कॅसेट लागली होती. पण वेळ कुठं होता? हिंदुरावांनी सदऱ्यातून खरी डिस्क काढून दिली आणि स्वरूपा धावत सुटली.

ह्या वेळी डिस्कचा दिवा लागला. आत गुरगुर झाली. स्क्रीनवर डिस्क दिसली. स्वरूपानं हात जोडले आणि बॅकअप शोधायला सांगितलं. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क आहे, बॅकअप नाही.

आता काही हसायचं उरलं नव्हतं. त्या ड्रोनवाल्या पोरानं पुसून तर टाकलं नसेल? तिनं दारातून ओरडून विचारलं, "काका, त्यानं डिस्कचं काय केलं?"

हिंदुराव पळत आले. "काय न्हाई. म्हणला, लई पसारा हाय, जरा आवरून ठिवू का? म्या म्हणलं, ठिव."

आवरून ठिव! तिनं डिस्क लॅपटॉपला लावली. बैलांचा व्हिडिओ ऐसपैस पुढं पसरलेला, आणि शेजारी एक फोल्डर, नाव 'जुनं सामान'. त्यात सगळी कंपनी गाठोड्यासारखी कोंबलेली. रिकव्हरीचं डोकं सरळ असतं. बॅकअप डिस्कच्या तोंडाशी ठेवला तरच त्याला दिसतो, कुणाच्या गाठोड्यात हात घालून तो शोधत बसत नाही. स्वरूपानं बॅकअपचा फोल्डर गाठोड्यातून काढून होता तिथं आणून ठेवला. डिस्क परत कॉम्प्युटरला लावली आणि बटण दाबायच्या आधी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली होती. सरकत होती ती अशी, की जणू तिला पोचायचंच नव्हतं. बाहेर सोपानरावांची गाडी आली. रुक्मिणीबाई उतरल्या. पाहुणे आले, हार झाले, चहा झाला. पट्टी आपली सरकतेय. आरतीला घंटा वाजली तेव्हा कॉम्प्युटर एकदा बंद झाला, स्वतःच चालू झाला, आणि निळा पडदा गेला तो गेलाच. मशीन तयार असल्याची खूण आली, तेव्हा स्वरूपानं टेबलाला धरून एक मोठा श्वास सोडला आणि केस नीट करून आरतीला जाऊन उभी राहिली.

आरती झाली. रुक्मिणीबाई पूजेच्या टेबलाजवळ गेल्या. सोपानरावांनी हिंदुरावांकडून कळलेलं कौतुकानं सांगितलं, "आई, मधोमध आहे ना काळं, तो आपला बॅकअप. ह्या वर्षी तोसुद्धा पूजेत."

म्हातारीनं वाकून त्याच्यावर डोकं टेकवलं, अगदी फुलं बाजूला सारून. वर आली तेव्हा कपाळावर कुंकवाशेजारी शाईचा एक काळा पट्टा उमटला होता. तिनं बोट लावून पाहिलं. बोट काळं. मग झेंडूची दोन फुलं तिनं हळूच वर केली. डस्टरवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेली चिठ्ठी होती, 'मीटिंग रूम. कृपया बाहेर नेऊ नये.'

रुक्मिणीबाईंनी मान वर केली. सगळे हात जोडून उभे होते. फक्त दोघंजण छताकडं बघत होते, एक हिंदुराव आणि एक स्वरूपा. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

म्हातारीनं फुलं परत होती तशी ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि मशीनकडं गेली. बटण दाबलं. बारीक निळा उजेड नाचला, जळल्याचा वास आला, आणि लोखंडावर 'श्री' उमटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सोपानरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली गेली.

प्रीतम मात्र अजून आशा सोडेना. पुढं होऊन म्हणाला, "दाजी, आज निभावलं ते नशीब. पण दुपारी डिस्क डिटेक्टच होत नव्हती, मी डोळ्यांनी बघितलं. आणि डिस्क तर तिकडं पूजेत होती ना? मग हिनं लावली ती कुठली?"

झालं. सोपानराव तिच्याकडं वळले. हिंदुरावांनी खोकला काढला, पण खोकल्यानं काय झाकतं?

"काय रे प्रीतम," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "देवाची झडती घेतोस व्हय सणाच्या दिवशी?"

"नाही, तसं नाही, आत्या..."

"मग कसं? मी आत्ता डोकं टेकवून आले त्याच्यावर. जे बघायचं ते मी बघितलं. आता उद्या उत्तरपूजेला मीच येणार आणि माझ्या हातानंच त्याला उठवणार. तोवर त्या टेबलाला कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे."

प्रीतम एक पाऊल मागं सरला. सोपानरावांनी आईकडं, मग स्वरूपाकडं, मग प्रीतमकडं पाहिलं, आणि हसत हसत खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "आई, तूच सांग मग. कॉम्प्युटरच्या खोलीच्या ह्या दुसऱ्या किल्ल्या. घरात पडून असतात. द्यायच्या कुणाकडं?"

रुक्मिणीबाईंनी जुडगा हातात घेतला, सरळ चालत स्वरूपापर्यंत आल्या आणि तिच्या तळहातावर ठेवला. वरून तिची मूठ घट्ट मिटवली.

"हिच्याकडंच. आपल्याकडं म्हणतात ना सोपान, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. म्हणजे मग जामदारखाना सांभाळला जातो."

"आई, ती म्हण अशी नाहीये," सोपानराव म्हणाले.

"मला ठाऊक आहे कशी आहे ती," म्हातारी म्हणाली, आणि हिंदुरावांकडं वळून पेढे वाटायला सांगितलं.